चिकलठाण्याहून रायपूर

अक्का आजारी होती हे आम्हाला ठाऊक होतं, पण इतकी असेल असं वाटलं नव्हतं. ती माझी थोरली बहीण. नर्सिंग शिकायला केदारखेड्यातून बाहेर पडलेली आमच्या घरातली पहिली मुलगी. लग्नानंतर ती रायपूरचीच झाली. एका सकाळी दाजींचा, म्हणजे तिच्या नवऱ्याचा फोन आला. डॉक्टरांनी माणसं बोलवून घ्या म्हणून सांगितलं होतं.

मी शाळेत शिकवत होतो. वर्गाबाहेर उभ्या उभ्याच मोबाइलवर संभाजीनगर ते रायपूर अंतर शोधलं. हवाई अंतर पावणेसातशे किलोमीटर, विमानानं सव्वा तास, असं लिहिलेलं होतं. जिवात जीव आला. लगेच फोन लावला. दाजींनी तो अक्काच्या कानाला धरला.

"किती येळ लागंल?" तिनं विचारलं. आवाज पार खोल गेला होता.

"सव्वा तासाचं तर विमान हाय. मायला घेऊन आजच येतो."

भोकरदनला तिकिटं काढून देणाऱ्याचं दुकान आहे, तिथं गेलो. त्यानं मोबाइलवरचं ते पान पाहिलं आणि म्हणाला, "सर, ही नुसती नकाशावरची रेघ हाय. असं विमानच न्हाई."

संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळावरून मुंबई, तिथं चार-पाच तास थांबून मग रायपूर, आणि तेही दुसऱ्या दिवशी सकाळी. रेल्वेनं नागपूरला गाडी बदलून जायचं तर मायचे गुडघे साथ देणार नव्हते. मी तिकिटं काढली. अक्काला मात्र कळवलं नाही. ऐकून ती धीर सोडेल, असं मी स्वतःला समजावलं. खरं तर मला लाज वाटत होती. संध्याकाळी दाजींनीच कुठपर्यंत आलात म्हणून विचारलं, तेव्हा सांगितलं.

माय पहिल्यांदाच विमानात बसली. खिडकीबाहेर तिनं पाहिलंसुद्धा नाही. मुंबईला उतरून आम्ही रायपूरच्या विमानाची वाट पाहत बसलो होतो, तेव्हा साडेअकराला फोन आला. मी काही बोलायच्या आत मायनं विचारलं, "गेली का?" मी मान हलवली. विमानाला अजून दोन तास होते. माय तोंडाला पदर लावून खुर्चीत बसून राहिली. समोरून माणसं बॅगा ओढत चालली होती. मी पाणी आणलं, ते तिनं घेतलं नाही.

रायपूरला दाजींनी आमच्यासाठी अक्काला घरी आणून ठेवलं होतं. बुद्धवंदना झाली, तिला नेलं, माणसं पांगली. मग दाजी मायजवळ येऊन बसले. म्हणाले, काल दुपारभर ती दाराकडंच बघत होती. दोनदा उठवून बसवायला लावलं, केस विंचरून घेतले. मग म्हणाली, रस्त्यात मायला कायतरी झालं असंल, हे लोक सांगून न्हाई राह्यले.

"संध्याकाळी सांगितलं मी तिला, तुम्ही उद्या येणार म्हणून," दाजी म्हणाले. "पण तवर तिला काई कळत नव्हतं."

माय माझ्याकडं वळली.

"तू दुपारीच का न्हाई सांगितलं तिला?"

तिनं परत विचारलं नाही, तेव्हाही नाही आणि त्यानंतरही कधी नाही.