आक्काचं पाणी आन टेशनाचा टावर

मंचरला दाढीला बसलो, तर समोरच्या कॅलेंडरवर टेशनाचा तो घड्याळाचा टावर. न्हावी म्हणला, "भाऊ, साबण गेला का डोळ्यात?" मी म्हणलो, "व्हय."

आई गेल्यावर आक्कानं, माझ्या थोरल्या बहिणीनं, मला वाढवलं. दाजींच्या नोकरीपायी ती लांब परमुलखात निघाली, तवा मी टेशनावर पोचवाया गेलो. डब्याच्या खिडकीतनं तिनं तांब्या दिला. "घसा सुकलाय, पाणी आण. रमू नकोस कुठं."

मी रमलोच. नळाजवळनं वर बघितलं, तर हा टावर. म्हाताऱ्या हमालाला इचारलं, "कुणी बांधला वं?"

"इंग्रजांनी. पर दगड माझ्या आज्यानं वाहिलं. घड्याळ चढवलं त्या दिशी सारं गाव मान वर करून उभं व्हतं."

मीबी तसाच उभा. घड्याळ चालू व्हतं, पर मला कुठं वाचता येतंय? आमच्या मढ गावची एसटी माणूस यायचा राहिला की हारन देऊन थांबती. गाडीची शिट्टी झाली, मला वाटलं, मलाच बोलावत्यात. निघालो सावकाश. फलाटावर पोचलो, तर शेवटचा डबा चाललेला.

आक्का पुन्हा आली न्हाई. तिकडंच वारली.

गाडी चुकली त्या दिशी भरला तांब्या मांडीवर धरून मी एसटीनं मढला आलो. निम्मं पाणी धोतरावर सांडलं, सारी एसटी हसली. कंडक्टर म्हणला, "पावणं, वतून टाका की भाईर."

कसं वतू? तिला तहान लागली व्हती.