न पोचलेला रामराम

आमच्या थोरल्या मामांचा रामराम चुकवून मलकापुरातून पार होणं देवालाही जमायचं नाही. ते कोथिंबीर आणायला निघाले की इकडे आमटी आटून जाते, कारण वाटेत ओळखीचा असो, बिनओळखीचा असो, प्रत्येकाला थांबवून रामराम आणि मग, "घरची बरी हायती न्हवं?" पलटणीतून निवृत्त झाले, पण ही ड्यूटी काही सुटली नाही. एकदा कुपवाडच्या कुणा कामगाराचा फोन चुकून त्यांना लागला. मामांनी त्यालाही रामराम घालून पाऊसपाणी विचारलं. तो गडी आता दर बेंदराच्या सणाला पुरणपोळी खायला येतो.

अशा माणसाच्या हाती पोरांनी ऊसवाल्यांचं ॲप दिलं. मग काय विचारता! कुणी उसाच्या मुळाला लागणाऱ्या हुमणीवर उपाय विचारला की मामा आधी रामराम घालणार, मग आपल्या उसाची सगळी हकीकत सांगणार. ज्यांनी काहीच विचारलं नव्हतं, त्यांनाही रामराम. माणसंही 'मामा, मामा' करायची. आणि एकाएकी सगळी गप्प झाली. मामा खचलेच. "माझंच कायतरी चुकलं आसंल रं," म्हणून त्यांनी तिथं सगळ्यांची माफी मागितली. तिलाही उत्तर नाही. मग रोज सकाळी उठून पुन्हा माफी. जेवण निम्म्यावर आलं.

मी माझ्या मोबाइलवर बघितलं, तर मामांची एकही ओळ दिसेना. त्यांच्या मोबाइलवर मात्र सगळं जागच्या जागी. ॲपवाल्यांना विचारलं तेव्हा कळलं, की सगळ्यांना तोच तोच रामराम बघून त्यांनी मामांना उपद्रवी ठरवलं होतं आणि गुपचूप झाकून टाकलं होतं. मामांचं लिहिणं फक्त मामांनाच दिसत होतं.

"म्हंजी माझी माफीबी कुणी वाचली न्हाई?"

"नाही, मामा."

"पलटणीत समोर उभं करून सांगायचे, तुझं हे चुकलं. शिक्षा भोगायची आन् पुन्हा पंगतीला बसायचं. ह्यांनी सांगितलं आसतं तर मी ऐकलं न्हसतं का रं?"

मला त्या ॲपवाल्यांचा भयंकर राग आला.

आता मामांचं खातं खुलं झालंय. "मामा, होता कुठं?" म्हणत माणसंही परत आली. पण मामांचा भरवसा उडाला तो उडालाच. काही लिहिलं की मला फोन करतात, "बघ रं, दिसतंय का?" मी बघून "दिसतंय" म्हणतो. तेवढ्यानं भागत नाही. ते मला मोठ्यानं वाचायला लावतात आणि पलीकडून आपलंच लिहिलेलं शेवटपर्यंत गप्प ऐकत राहतात.