रामकिसनांचा नवा गिझर

एसटीत ड्रायव्हर असताना रामकिसनांनी हिवाळ्यातल्या कितीतरी सकाळी गंगापूरच्या स्टँडवर गार पाण्यानं अंघोळ उरकली होती. मुक्कामी गाडी असली की दुसरा इलाजच नसायचा. म्हणून रिटायर झाल्यावर हडकोतल्या घरात त्यांनी सगळ्यात आधी काय आणलं असेल, तर मोठा गिझर. शॉवरची धार बारीक पडते म्हणून मागोमाग गच्चीवर प्रेशर पंपही बसवला.

मग धार अशी आली की पाठ चोळायची गरजच उरली नाही. रामकिसन लई खूश. पण गिझरखालचा सेफ्टी वॉल्व्ह ठिबकायला लागला. नळाला पाणी कधी येतंय याची वाट बघत दिवस काढणाऱ्या माणसाला ते वाया जाणारं पाणी बघवेना. त्यांनी बादली लावली, पाना घेऊन वॉल्व्ह आवळून पाहिला. शेवटी त्याच्या तोंडात लाकडाची गुट्टी ठोकली, वरून टेप गुंडाळली आणि गिझर चालू करून पेपर वाचत बसले.

त्यांची बायको सुलेखा टॉवेल ठेवायला बाथरूममध्ये गेली आणि तिला ती गुट्टी दिसली. तिनं आधी बाहेरचं बटण बंद केलं, मग नवऱ्यापुढं येऊन उभी राहिली.

"कुकरची शिट्टी बांधून गॅसवर ठेवाल का तुम्ही?"

रामकिसनांना एकदम गाडीची ब्रेकची टाकी आठवली. हवा जास्त झाली की तिचा वॉल्व्हही असाच फुस्स करायचा. तो कुणी बुजवला असता, तर त्यांनी त्या गाडीच्या स्टिअरिंगला हात लावला नसता.

"चुकलं माझं," ते म्हणाले. गिझर पुरता निवल्यावर त्यांनीच गुट्टी उपटली.

दुपारी प्लंबर प्रणय आला. पंपाचा दाब गिझरला झेपत नव्हता. त्यानं तो दाब कमी करून दिला, गिझरच्या गार पाण्याच्या पाइपावर दाब आवरणारा वॉल्व्ह बसवला आणि आता धार जरा मवाळ येईल, असं सांगून गेला. रामकिसनांचं तोंड उतरलं.

"मी बघते आधी," म्हणत सुलेखा आत गेली. इतके दिवस ती मग्ग्यानंच अंघोळ करायची. ती धार तिला सुयांसारखी टोचायची, हे रामकिसनांना ठाऊकच नव्हतं.

बराच वेळ झाला. टॉवेल खांद्यावर टाकून ते दाराशी ताटकळले, शेवटी कडी वाजवली.

"थांबा की जरा," आतून आवाज आला, "आता कुठं बरं वाटायलंय."

रामकिसन हसले आणि चहाचं आधण ठेवायला गेले.