उधाणाच्या दिवशी पालक सभा

चाळीस खुर्च्या मांडल्या होत्या. अकराची सभा. साडेअकरा झाले तरी आलेले होते तिघे. एक ग्रामपंचायतीतले क्लार्क, एक रिक्षावाले, आणि तिसरे एक आजोबा, जे पाचवीतल्या नातवाचा दाखला मागायला आले होते आणि पंखा बघून बसले होते. मी दहावीची वर्गशिक्षिका. महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी पालक सभा घ्यायची हे शाळेचं वेळापत्रक. सराव परीक्षा, अभ्यासाची वेळ, मोबाइल, जे चाळिसांना सांगायचं ते मी तिघांना सांगितलं. आजोबांनी सगळ्याला मान डोलावली.

हेडसर दारात आले. रिकाम्या खुर्च्यांकडे बघून म्हणाले, “मॅडम, ह्या लोकांना इंटरेस्टच नाही. तुम्ही आपलं रेकॉर्ड ठेवा.”

“किती वेळा ठेवू, सर?”

“ठेवा हो. इन्स्पेक्शनला लागतं.”

रेकॉर्ड म्हणजे एक रजिस्टर. आलेल्या पालकांनी सही करायची, न आलेल्यांच्या नावापुढे वर्गशिक्षकाने शेरा लिहायचा. माझा शेरा ठरलेला होता, ‘पालक उदासीन’. त्या दिवशी तो मी अडतीस वेळा लिहिला. माझं अक्षर चांगलं आहे, त्यामुळे रजिस्टर दिसायला सुंदर होतं.

त्या अडतिसांतल्या एका नावाने मला घोर लावला होता. प्रणाली. नववीत गणितात वर्गात पहिली. भूमितीचं प्रमेय फळ्यावर लिहायला लागली की मध्ये कुठे थांबायची नाही. दहावीत आली आणि तिच्या हजेरीला भोकं पडायला लागली. चार-पाच दिवस सलग गायब, मग आठवडाभर अगदी वेळेवर, मग पुन्हा गायब. बोर्डाच्या परीक्षेला बसायला पंचाहत्तर टक्के हजेरी लागते. कमी पडली तर शाळेने बोर्डाकडे माफीचा अर्ज करायचा, आणि तो मंजूर होईलच असं कुणी सांगू शकत नाही. दिवाळी जवळ आली होती. असंच चाललं तर प्रणाली परीक्षेला मुकण्याची भीती होती. तिला विचारलं की एकच उत्तर, “काम व्हतं, बाई.” घरी तीन चिठ्ठ्या पाठवल्या. उत्तर नाही.

मी मूळची ठाण्याची. आगरदांड्याच्या अलीकडच्या ह्या गावात नोकरी लागली तेव्हा माझा मुलगा चार वर्षांचा होता. मिस्टरांची नोकरी ठाण्यातल्या कारखान्यात, म्हणून ते दोघं तिकडे आणि मी इकडे. दोन वर्षांत संस्थेच्या दुसऱ्या शाळेत बदली मिळेल, असं म्हणता म्हणता भाड्याच्या एका खोलीत बावीस वर्षं गेली. खोली समुद्रापासून दोनशे पावलांवर. ऐकणाऱ्यांना हेवा वाटतो. मी खिडकी बंद ठेवायची, कारण वाळत घातलेल्या मासळीचा वास मला सोसायचा नाही. दिवसभर शाळेत बडबड करायची आणि संध्याकाळी कुलूप उघडून आत गेलं की दुसऱ्या दिवसापर्यंत बोलायला कुणी नाही. कधीकधी भाजी चिरताना मी समीकरणं मोठ्याने सोडवायची. घरात माणसाचा आवाज असावा, एवढ्यासाठी. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

सभा आटपल्यावर मी स्टाफरूममध्ये कॅटलॉगमधली प्रणालीची ओळ काढून बसले. कॅटलॉग म्हणजे हजेरीपट. गैरहजर दिवसाला लाल खूण. आमचा शिपाई काशिनाथ खुर्च्या आत आणत होता. तो कोळीवाड्यातला. जाता-येता त्याने माझ्या खांद्यावरून डोकावून पाहिलं.

“बाई, ही गैरहजेरी उधानाची हाय.”

“कसली?”

त्याने भिंतीवरचं कॅलेंडर काढून कॅटलॉगशेजारी ठेवलं आणि पौर्णिमेवर बोट टेकवलं. पौर्णिमेच्या दोन दिवस आधीपासून तीन दिवस नंतरपर्यंत लाल. अमावास्येला बोट नेलं. तिथेही लाल. मधल्या अष्टमीच्या आसपास एकही खूण नाही, प्रणाली हजर.

मग त्याने मला शिकवलं. इथली माणसं डोल लावतात. डोल म्हणजे पिशवीसारखं लांब जाळं, पाण्याच्या ओढीत बांधून ठेवायचं, ओढ मासळी आत आणते. पौर्णिमा-अमावास्येला पाण्याला जोर असतो, ते उधाण. तेव्हा सगळं घर कामाला. अष्टमीच्या सुमाराला पाणी सुस्तावतं, त्याला भांग म्हणतात. तेव्हा होड्या किनाऱ्याला आणि माणसं घरी.

“आणि आपली सभा?” मी विचारलं.

त्याने शनिवार शोधला. पौर्णिमेला लागून. मागच्या महिन्यातलाही तसाच.

“बरोबर उधानात ठेवता तुमी. कोन येल?”

“मग मला सांगायचं नाही का?”

“मला वाटलं, बाईंना ठाव असंल. इतकी वर्सं झाली इथं.”

तो सहज बोलला. मला मात्र कानाखाली बसल्यासारखं झालं.

सोमवारी शाळा सुटल्यावर मी कोळीवाड्यात गेले. एवढ्या वर्षांत जेट्टीच्या रस्त्याच्या पलीकडे पहिल्यांदाच. प्रणालीच्या अंगणभर जवळा, म्हणजे बारीक कोळंबी, वाळत पसरलेला होता. ती उकिडवी बसून त्यातला कचरा निवडत होती. मला बघून उठली आणि हात पाठीमागे लपवले. तेवढ्यात तिची आई हिराबाई आली. दिघीला मासळी विकून लाँचने परतली होती, रिकामी पाटी अजून डोक्यावर.

“ताई, तीन चिठ्ठ्या पाठवल्या. एकीचंही उत्तर नाही.”

“चिठ्ठी कंची?” तिने लेकीकडे पाहिलं.

प्रणाली मान खाली घालून म्हणाली, “मीच न्हाय दिली. दिली असती तर तू धंदा टाकून गेली असतीस. मासली तशीच पडली असती.”

मी आईवर चिडायला आले होते, आता कुणावर चिडावं ते कळेना. तरी म्हटलं, “निदान मुलगी शाळेत येणार नाही, एवढं तरी कळवायचं.”

हिराबाई हसली. “त्यात काय कलवायचं, बाई? उधान हाय ते सगल्यांनाच दिसतं.”

मला दिसत नव्हतं. हे मी तिला सांगितलं नाही. हजेरीचा नियम सांगितला, तसं तिचं हसू गेलं. तिने पाटी खाली ठेवली.

“म्हंजे परीक्षेला बसवनार न्हाय हिला?”

“असंच चाललं तर अडचण येईल.”

“मला सातवीतून काढली व्हती. असाच जवला व्हता अंगनात.” तिने पदराने तोंड पुसलं. “काय करायचं ते सांगा, आमी करू. पन आता न्हाय, बाई. भांगात सांगा.” एवढं बोलून ती जवळ्याशी बसली. मी उगाच उभी राहिले, मग निघाले.

दुसऱ्या दिवशी हेडसरांकडे गेले.

“सर, पालक सभा अष्टमीला घेऊ या. दुपारी तीनला.”

“अष्टमीला? मॅडम, ही शाळा आहे की मंदिर?”

“शाळा आहे, म्हणूनच पालक पाहिजेत.”

“आणि वेळापत्रकाचं काय? वर काय सांगू?”

“दुसऱ्या शनिवारचीही घेते. त्या तिघांची. आजोबा येतातच.”

सरांना हसू आवरलं नाही. मी पुढे केलेल्या अर्जावर त्यांनी सही केली.

अष्टमीला खुर्च्या कमी पडल्या. निम्म्या पुरुषांनी फाटकी जाळी बरोबर आणली होती. ती खुर्चीवर बसून शिवता येत नाहीत, म्हणून ते खाली बसले. मग बायका खाली बसल्या. शेवटी मीही खुर्ची सोडून जमिनीवर बसले. हातातल्या लाकडी सुया चालू, कान माझ्याकडे. इतकं लक्ष देऊन माझ्या वर्गातही कुणी ऐकत नाही.

मी हजेरीचं सांगितलं. बायकांनी आपसात बोलून पाचच मिनिटांत तोडगा काढला. दहावीच्या मुली चार घरांत होत्या. उधाणात एकेका दिवशी एकीच्या आईने चारही अंगणांतला जवळा बघायचा, मुली शाळेत. मी इतके महिने शेरे लिहीत होते, त्यांनी पाळी लावून टाकली.

प्रणालीचे वडील कोपऱ्यात होते. ते म्हणाले, “बाई, आमाला वाचता येत न्हाय. पोर घोकते ते बरोबर का चूक, कसं कलनार?”

“तिला म्हणा, मला समजावून सांग. तुम्हाला कळलं, तर तिला आलं असं समजा. नाही कळलं, तर तिला परत वाचायला लावा.”

“एवढंच?”

“एवढंच. रोज.”

त्यांनी ते मनावर घेतलं. डिसेंबरात भांगातल्या सभेला आले आणि त्रिकोणातले तीन कोन मिळून किती होतात ते मला सांगितलं. का होतात तेही, जाळ्याचा दोरा ताणून. नंतर सुईत दोरा भरता भरता विचारलं, “बाई, तुमचं पोर?”

“मुलगा आहे. ठाण्याला. आता नोकरी करतो.”

“त्याच्या शालेत पन सभा व्हायची?”

“व्हायची. दुसऱ्या शनिवारी.”

ते पुन्हा जाळं शिवायला लागले. त्याच दिवशी माझी इथे सभा असायची. दहा वर्षांत मी त्याच्या एकाही सभेला गेले नव्हते. मिस्टरांची सकाळची शिफ्ट असायची, तेही नसायचे.

प्रणालीची हजेरी मार्चपर्यंत कशीबशी पंचाहत्तरच्या वर आली. माफीच्या अर्जाची गरज पडली नाही. ती परीक्षेला बसली, फर्स्ट क्लासमध्ये पास झाली, मुरुडला अकरावीला गेली. त्याच वर्षी मी रिटायर झाले. खोलीची चावी मालकांना दिली आणि ठाण्याला मुलाकडे राहायला आले. मिस्टर तोवर वारले होते. मुलगा सकाळी आठला जातो, संध्याकाळी उशिरा येतो. आम्ही एकमेकांशी नीट वागतो, पाहुण्यांशी वागावं तसं.

एका रविवारी चहा पिताना मी त्याला ही सगळी हकीकत सांगितली. त्याने शांतपणे ऐकून घेतली. मग म्हणाला, “आमची मिस पण दर सभेला विचारायची, तुझ्या घरून कोण येणार?”

“मग तू काय सांगायचास?”

“आई येणारे, म्हणायचो.”

“दर वेळी?”

“दर वेळी.” त्याने कप उचलला आणि सिंकमध्ये ठेवायला गेला.

मी बावीस वर्षं शिक्षिका होते. नवीन शिक्षकांना मी आता एकच सांगते. ‘पालक उदासीन’ हा शेरा लिहिण्याआधी आपण सभा कोणत्या दिवशी ठेवली ते एकदा बघा. ठाण्याच्या त्या शाळेतही असं एखादं रजिस्टर असेल. त्यात माझ्या मुलाच्या नावापुढे काय लिहिलं असेल ते मला माहीत आहे. मी उदासीन नव्हते. पण हे त्याला मी सांगायला हवं होतं, तेव्हा.