ताटातल्या सेन्सरने थांबवलेली लिफ्ट

या सदरातले अनुभव मी वाचते ते चुका शोधायला, हे आधीच सांगते. कुणाला जिन्यात पावलं ऐकू आली की मी म्हणते, पाण्याचा पाइप असेल. कुणाच्या स्वप्नात मावशी आली की म्हणते, रात्री जेवण जड झालं असेल. त्यामुळे आज मीच लिहितेय याचं सगळ्यात जास्त आश्चर्य माझ्या नवऱ्याला वाटतंय.

मी इंजिनिअर आहे. अंधेरीच्या एमआयडीसीत आमची छोटी कंपनी आहे. मोटर, पंप, कॉम्प्रेसर यांवर आम्ही काडेपेटीएवढा सेन्सर बसवतो. तो मशीनची थरथर मोजतो आणि नेटवरून आमच्या सर्व्हरला पाठवतो. तिथे एक न्यूरल नेटवर्क ती थरथर तपासतं... शेकडो चांगल्या-वाईट मोटरींची थरथर दाखवून त्याला शिकवलेलं आहे. त्याच्यावर फझी लॉजिकचा एक थर आहे. त्याचं काम एवढंच, की आकडेमोडीचं उत्तर माणसाला कळेल अशा शब्दात द्यायचं. आमच्याकडे शब्द चार - बंद, ठीक, लक्ष ठेवा, थांबवा. झालं. यात जादू काही नाही, नुसतं गणित आहे. तेच इनपुट दिलं की तेच उत्तर येतं. हे वाक्य लक्षात ठेवा.

लिफ्टच्या मोटरवर हे चालतं का ते बघायचं होतं. पण कुठलीही सोसायटी आपली लिफ्ट प्रयोगाला देईना. शेवटी मुलुंड पूर्वेला आमचीच सात मजली इमारत पकडली. कमिटीसमोर मी भाषण ठोकलं आणि एक नियम लिहून घेतला, की सिस्टिमने ‘थांबवा’ म्हटलं की लिफ्ट आधी थांबवायची, कारण नंतर शोधायचं. त्यावर वाद घालायचा नाही.

आमचे सेक्रेटरी परबकाका, मूळचे कणकवलीचे, तेव्हा म्हणाले होते, ‘‘म्हणजे आता मशीन सांगतला आणि आम्ही ऐकतलो? झकास. घरात बायको, गच्चीवर ह्या.’’

महिनाभर उत्तर ‘ठीक’ येत होतं. मग दसरा आला.

दसऱ्याला आमच्याकडे लिफ्टची पूजा होते. मेन स्विच बंद करून वरची मशीनरूम धुतात-पुसतात, मोटरला झेंडूचा हार, दारांना तोरण, नारळ, पेढे. दोन पाने, स्क्रू ड्रायव्हर, ग्रीसगन ही हत्यारं ताटात मांडून त्यांनाही हळदीकुंकू. मी सेन्सर काढून ठेवा असं कुणाला सांगितलं नव्हतं. काढू नका असंही सांगितलं नव्हतं. तो चुंबकाने चिकटलेला असतो, ओढला की निघतो.

सकाळी मी पाचव्या मजल्यावर माझ्या स्वयंपाकघरात पुऱ्या लाटत होते. फोन वाजला. ‘थांबवा.’

मी पिठाचे हात पुसले आणि पुन्हा वाचलं. महिनाभरात हा शब्द एकदाही आला नव्हता. आणि आत्ता तर लिफ्ट पूजेसाठी बंद होती... बंद मशीनला कसलं थांबवा? म्हटलं काहीतरी बिघडलंय. गॅस बंद केला आणि जिना चढून वर गेले.

सातव्या मजल्यावर लिफ्टचं दार उघडं होतं. आत प्लास्टिकच्या खुर्चीत कांबळेकाकू बसल्या होत्या - पांढरीशुभ्र साडी, मांडीवर पर्स. काकू शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून रिटायर झाल्या, सातव्यावरच राहतात. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्या घराबाहेर पडल्या नव्हत्या, डॉक्टरांनी जिन्याला साफ मनाई केलेली. आमचा दसरा तो त्यांचा धम्मचक्र प्रवर्तन दिन. भांडुपच्या विहारात त्यांचं भाषण होतं.

‘‘ये सुलभा. तुमच्या यंत्राची आरती आटपली का बघ,’’ त्या म्हणाल्या. ‘‘खाली रिक्षावाला हॉर्न मारतोय. माझं भाषण तुमच्या नारळावर अडलंय.’’

वर मशीनरूममध्ये परबकाका पेढा खात उभे होते. एक हात मेन स्विचवर. आणि पाटावरच्या ताटात, दोन पान्यांच्या मधे, आमचा सेन्सर. त्याच्यावर कुंकवाचं बोट आणि झेंडूची पाकळी.

‘‘काका, हा काढला कधी?’’

‘‘मोटर पुसताना. ता पण हत्यारच ना? त्याका सोडून कसा चालात?’’

फोन पुन्हा वाजला. ‘थांबवा.’ मी सेन्सरकडे बघितलं. तो ताटात पडलेला होता. मोटर चार हात लांब, बंद, गळ्यात हार घालून. त्या क्षणी माझ्या मनात आलं ते एवढंच, की सोमवारी ऑफिसला गेल्यावर शर्वरीला झापायचं. शर्वरी म्हणजे माझी सहकारी. ते नेटवर्क तिने बनवलंय.

‘‘चालू करतंय,’’ काका म्हणाले.

‘‘थांबा.’’

‘‘कित्याक?’’

मी फोन दाखवला. काकांनी फोन वाचला, ताट बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. ‘‘अगो बाय माझे, ता मशीनवर नाहीच आसा! ता पेढ्याबद्दल सांगता काय?’’

त्यांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. त्यांच्या जागी मी असते तर हेच म्हटलं असतं. मग मी का अडवलं? अंतर्मनाचा आवाज वगैरे काही नव्हतं. नियम माझा होता, आणि तो पहिल्यांदाच वापरायची वेळ आली होती. पहिल्याच वेळी ‘आज सोडून द्या’ म्हटलं, तर पुढे त्या नियमाला कोण विचारणार? मी मेनचे फ्यूज काढले आणि गाउनच्या खिशात टाकले.

‘‘मेकॅनिकने बघितल्याशिवाय चालू करायची नाही.’’

‘‘आज दसऱ्याचा मेकॅनिक खयसून येतलो? उद्या सकाळी येतलो! आणि त्या बाईक खाली कसा नेतलंस, उचलून?’’

‘‘उचलून.’’

मग चार जणांनी काकूंना खुर्चीसकट सात मजले उतरवलं. वाटेत प्रत्येक मजल्यावर दारं उघडली आणि प्रत्येक दारातून मला काहीतरी ऐकवलं गेलं. तिसऱ्या मजल्यावरचे शहा म्हणाले, ‘‘मॅडम, तुमची एआय लिफ्ट फर्स्ट क्लास आहे, चार माणसांवर चालते.’’ काकू खुर्चीत ताठ बसून दोन्ही हातांनी मांडीवरची पर्स सांभाळत होत्या. खाली पोचल्यावर मला म्हणाल्या, ‘‘हे तू बरोबर केलंस की चूक, ते कारण कळल्यावर सांगेन. आत्ता मला उशीर झालाय.’’

त्या संध्याकाळी आमच्या घरी सोनं द्यायला फार लोक आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सलीमभाई आले. लिफ्टचा मेंटेनन्स बरीच वर्षं तेच बघतात. मोटर बघितली - ठीक. ब्रेक ठीक. दोर ठीक. परबकाकांच्या चेहऱ्यावर हसू पसरायला लागलं. मग सलीमभाईंनी दोर ओढणाऱ्या मोठ्या चाकामागचं झाकण काढलं. मोटरची ताकद त्या चाकापर्यंत नेणारा एक जाड लोखंडी दांडा असतो. तो त्यांनी चिंधीने पुसून कोरडा केला, त्यावर खडू घासला आणि विडी ओढायला बाहेर गेले. परत आले तेव्हा पांढऱ्या खडूवर एक काळी रेघ उमटली होती. दांड्याला चीर होती आणि चिरेतलं तेल बाहेर येत होतं. रेघ जवळजवळ पूर्ण गोल फिरली होती.

‘‘ये टूटता तो?’’ मी विचारलं.

‘‘ब्रेक मोटरकी तरफ है, मॅडम. ये टूटा तो ब्रेक किसको पकडेगा?’’ ते म्हणाले. ‘‘अंदर एक ही आदमी हो तो रस्सी के दूसरे सिरे का वजन भारी पडता है. गाडी सीधी उपर जाती, छत तक. अपनी लिफ्ट पुरानी है, उपर जानेवाली गाडी रोकने का इसमें कुछ नहीं.’’

आत एकच माणूस. खुर्चीत बसलेलं.

काल तुटलाच असता का? सलीमभाई म्हणाले, काल, आज, पुढच्या महिन्यात... सांगता येत नाही. मीही त्याहून जास्त सांगत नाही. परबकाका मात्र खाली बसले. ती काळी रेघ त्यांनी दोनदा बोटाने चाचपून बघितली.

आता ऑफिसची गोष्ट. मला वाटलं होतं तिथे हे प्रकरण दहा मिनिटांत मिटेल. शर्वरीने पूजेच्या वेळचा कच्चा सिग्नल काढला. सरळ रेघ. ताटात पडलेल्या वस्तूची असते तशी.

‘‘अगं, यात काहीच नाहीये,’’ ती म्हणाली.

‘‘दिसतंय. मग ‘थांबवा’ कुठून आलं?’’

तोच सिग्नल तिने त्याच नेटवर्कला पुन्हा दिला. उत्तर - बंद. पुन्हा दिला. बंद. दिवसभर देत राहिलो. बंद. म्हटलं सर्व्हरची एखादी मेमरी क्षणभर घसरली असेल. पण एखाद्या चुकार आकड्यावर आमची सिस्टिम बोलतच नाही, सलग दहा वेळा तेच उत्तर आलं तरच मेसेज जातो. जुना सिग्नल उशिरा पोचला असेल? सेन्सरमध्ये काही साठवून ठेवायची सोयच नाही. दुसऱ्या मोटरचा सिग्नल मिसळला असेल? तेही तपासलं, नाही. शेवटी शर्वरीने घरून ताट आणलं, झेंडू आणला आणि वर्कशॉपमधून दोन पाने. सेन्सरला कुंकू लावून आम्ही दोघी समोर बसलो. बॉस दारातून डोकावले आणि निघून गेले. उत्तर - बंद.

रेकॉर्डवरून आणखी एक गोष्ट दिसली. काकांनी सेन्सर ताटात ठेवल्यापासून ‘थांबवा’ सुरू झालं, आणि मी फ्यूज खिशात टाकल्यावर ते थांबलं. तिथून पुढे बंद, बंद, बंद. सेन्सर तर हललाही नव्हता.

आणि मला सगळ्यात जास्त टोचतं ते वेगळंच. सेन्सर होता मोटरवर, चीर होती लांब, हळू फिरणाऱ्या दांड्यात. ती त्याला कळणं अवघडच होतं, म्हणून महिनाभर तो ‘ठीक’ म्हणत राहिला. मशीनवर होता तेव्हा कळलं नाही. ताटात होता तेव्हा कळलं.

परबकाकांचा प्रश्न सुटलाय. ‘‘पूजा केल्याशिवाय बोलाचा नाय,’’ एवढंच ते म्हणतात. पण कांबळेकाकूंना हे चालत नाही. मी त्यांना सगळं सांगितलं तेव्हा त्या जुन्या मुख्याध्यापिकेच्या आवाजात म्हणाल्या, ‘‘चमत्कार म्हणशील तर माझ्याशी बोलू नकोस. तुला कारण सापडलं नाही म्हणजे कारण नाही असं होत नाही. शोध.’’ तेव्हापासून भेटलो की पहिला प्रश्न तोच, सापडलं का?

पुढच्या दसऱ्याला परबकाका पूजेआधी माझ्या दारात आले. दांडा नवा होता, त्याच्या टोकालाही आता एक सेन्सर होता. त्यांनी हळूच विचारलं, ‘‘मोटरवरचा ताटात ठेवू काय गो, की नको?’’

वरून काकूंचा आवाज आला, ‘‘ठेवा! प्रयोग म्हणून ठेवा!’’

ठेवला. पूजा झाली. काकू पांढऱ्या साडीत लिफ्टमध्ये उभ्या राहिल्या, आता खुर्ची लागत नाही. ‘‘काय म्हणतंय तुझं यंत्र?’’

‘‘बंद.’’

‘‘मग चालू करा.’’

दार लागलं, लिफ्ट निघाली. चल म्हणाल्या होत्या, पण मी आत गेले नाही. सातव्या मजल्यावर हातात फोन धरून उभी राहिले, आणि ती खाली पोचेपर्यंत नजर काढली नाही. मग लिफ्टच्या पोकळीतून खालून हाक आली, ‘‘पोचले गं! सापडलं का?’’

‘‘नाही!’’ मी वरून ओरडले.