ताईच्या मळ्यातलं पाणी

सन १९८०च्या सुमारास माझी थोरली बहीण नाशिकजवळच्या मळ्यात राहायची. त्या वर्षी तिच्या तळहातांवर खडबडीत गाठी आल्या आणि पायांना सतत मुंग्या येऊ लागल्या. मी तिला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी हात निरखून विचारलं, "पाणी कुठलं पिता?"

"आमच्या विहिरीचं. उकळून पिते," ताई म्हणाली.

"त्यात सोमल, म्हणजे आर्सेनिक असेल, तर उकळून उपयोग नाही. तपासून घ्या."

ताईला लगेच विहिरीचा काठ आठवला. वाळवीसाठी आणलेल्या सोमलाचे डबे दाजी कित्येक वर्षं विहिरीच्या काठावरच धूत होते.

घरी हे सांगताच दाजी भडकले. "माझ्या बापानं खणलेली विहीर हाय. तिला इख म्हणता?" त्यांनी तांब्या भरून तोंडाला लावला. ताईने तो हिसकावून अंगणात ओतला. "आधी पोरीचे हात बघा!" ती ओरडली.

धाकट्या मुलीच्या तळव्यांवरही बारीक गाठी उठल्या होत्या. दाजींनी तिचे हात धरून पाहिले आणि विहिरीचं पाणी बाटलीत भरून तपासायला नेलं.

तपासणीत पाण्यात सोमल निघाला. मुलगी वर्षभरात सुधारली. ताईच्या गाठी मात्र कायम राहिल्या. दाजी रोज सायकलवरून गावातल्या नळाचं पाणी आणू लागले.