सामान राखणे : मुक्ता

शाळेच्या क्रीडादिनाच्या सगळ्या याद्या मीच करते. एकही नाव सुटत नाही, याचा मला अभिमान होता.

दुपारी मैदानाच्या कडेला चाकांच्या खुर्चीत बसलेली सहावीतली मुक्ता दिसली. मांडीवर पाण्याच्या बाटल्या, खुर्चीच्या पाठीला स्वेटर, पायाशी बुटांचा ढीग. "मुक्ते, धर गं!" म्हणत मुलं आणखी काहीतरी टाकून पळत होती. सगळी तिच्याशी गोडच बोलत होती. खुंटीशी कुणी इतकं गोड बोलत नाही, एवढाच काय तो फरक.

"कंटाळलीस का गं?" मी विचारलं.

"नाही बाई. दरवर्षी हेच काम असतं की. घरी मात्र मी लिंबू-चमचा खेळते. चमचा दातांत, हात चाकांवर. लिंबू पडतच नाही."

मी हातातली यादी पाहिली. 'सामान राखणे : मुक्ता.' माझंच वळणदार अक्षर. गेल्या वर्षीच्या यादीवरून न विचारता उतरवलेलं. दुष्टपणाचा निदान राग तरी येतो. माझ्या या नीटनेटकेपणाची मला किळस आली.

मी घाईघाईने तिच्या मांडीवरच्या बाटल्या उचलू लागले.

"राहू द्या बाई," ती म्हणाली, "लिंबू-चमचा सकाळीच झाला."